अन्याय म्हणावं की अनीती

नव्वदच्या दशकात बंगळुरात मराठी टाइप करणारं माणूस शोधून सापडत नसे. मला ते येत होतं, आणि त्या एका भांडवलावर शिवाजीनगरच्या बसस्टँडजवळच्या एका कचेरीत मला नोकरी मिळाली. तिथे बायबलची भाषांतरं तपासली जात. एका खोलीत तेलुगू, दुसरीत कोकणी, तिसरीत मी नावही न ऐकलेली डोंगरातली एक भाषा, आणि जिन्याखालच्या, पंखा खडखडणाऱ्या खोलीत मराठी. मराठी म्हणजे सर आणि मी. सर नगरकडचे ख्रिस्ती गृहस्थ, जन्मभर ग्रीक शिकवून निवृत्त झालेले आणि या कामापुरते इथे राहायला आलेले. मी चिकपेटच्या मागच्या गल्लीतली. आमचे पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं विसरले, असं माझे वडील सांगत. आमच्या मराठीत कानडी इतकं मुरलेलं होतं की कुठला शब्द कानडी हेच मला कळत नसे. पहिल्याच दिवशी मी सरांना "स्वल्प थांबा हं" म्हणाले, तेव्हा ते चष्म्यावरून माझ्याकडे बघतच राहिले.

तरी आमचं जमलं. मी टाइप करता करता भांडायची, आणि सरांना भांडणारं माणूस हवंच होतं. हो ला हो करणाऱ्यांबरोबर भाषांतर होत नाही, असं ते म्हणत.

त्या सुमारास आम्ही एका ग्रीक शब्दापाशी अडून बसलो होतो. अदिकिया. सरांनी तो फोडून दाखवला. सुरुवातीचा 'अ' आपल्यासारखाच नकाराचा. पुढचा शब्द दिके. दिके म्हणजे न्याय, पण कोर्टकचेरीच्याही आधीचा. ज्याचं त्याला द्यायची जी सरळ रीत असते, ती दिके. ती मोडली की अदिकिया. पंचाईत अशी की हा शब्द बायबलात सगळीकडे फिरत असतो. रक्तपाताला तोच, खोट्या साक्षीला तोच, आणि एका पत्रात तर लिहिणारा टोमणा मारताना स्वतःच्या किरकोळ चुकीलाही तोच शब्द वापरतो. जुन्या मराठीत बऱ्याच ठिकाणी 'अनीती' घातलेलं होतं. सरांच्या मनात 'अन्याय' घोळत होता.

मी अनीतीच्या बाजूची. अन्याय हा मोर्चातला शब्द झालाय, भिंतींवर रंगवतात तो, असं माझं म्हणणं. अनीतीला वजन आहे. शिवाय वाईट काम वाईट माणूस करतो, तेव्हा शब्द त्या माणसाचा पिंड सांगणारा हवा.

"म्हणजे चांगल्या माणसाच्या हातून अदिकिया घडणारच नाही?" सरांनी विचारलं.

"घडली तर तो चांगला कसला?"

हे मी अगदी ठणकावून म्हणाले होते. आठवलं की अजून कान गरम होतात.

मला चांगला माणूस कशाला म्हणतात ते पक्कं ठाऊक होतं, कारण तो आमच्या घरात होता. वडिलांना आम्ही अप्पा म्हणत असू. अप्पा सरकारी खात्यात होते आणि त्यांनी कधी कुणाचा चहासुद्धा फुकट घेतला नाही. दिवाळीत कुणी मिठाईचा डबा घेऊन आलं की ते दारातच हात जोडून त्याला परत पाठवत. आम्ही मुलं आतून त्या डब्याकडे बघत असायचो. गल्लीत कुणाचं भांडण झालं की दोन्ही बाजू अप्पांकडे येत. आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. 'त्यांची मुलगी' म्हणून मी मान ताठ करून चालत असे, आणि मला वाटतं, थोडी जास्तच ताठ.

घरात आणखी एक माणूस होतं. अक्का. अप्पांची थोरली बहीण. लग्न झालं नाही, का झालं नाही ते आम्हाला कधी कुणी धड सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. माझ्या जन्माआधीपासून ती आमच्याकडे होती. अप्पा तिला अक्का म्हणत, म्हणून आईही अक्का म्हणायची आणि आम्हीही. तिला चांगलंचुंगलं करून घालायची हौस होती. ती घरात आहे ही गोष्ट भिंत आहे, माठ आहे, तशीच आम्ही धरून चाललो होतो.

अक्काचा एक नेम होता. जेवणं उरकली, ओटा पुसला, की दुपारी ती मागच्या गल्लीतल्या तिच्या मैत्रिणीकडे जायची. दोघी मिळून देवाची गाणी म्हणायच्या, फुलांच्या वेण्या करायच्या, आणि बहुधा आमच्याबद्दल बोलायच्या. चहाच्या वेळेला परत. आमचं दार तेव्हा दिवसभर नुसतं लोटलेलं असायचं.

मग गल्लीत एक चोरी झाली, आणि अप्पांनी दाराला लॅच बसवलं. ओढून घेतलं की आपोआप बंद होणारं, बाहेरून किल्लीशिवाय न उघडणारं. त्याच्याबरोबर तीन किल्ल्या आल्या. एक अप्पांनी ठेवली, एक आईला दिली, एक मला, कारण मी कामावरून केव्हाही यायची. अप्पांनी त्या वाटल्या तेव्हा अक्का तिथेच ताटं उचलत होती. तिनं लगेच म्हटलं, "मला पण एक करून दे रे." अप्पा म्हणाले, "तुला कशाला? तू घरीच असतेस की."

वाक्य खरं होतं, म्हणूनच ते कुणाला टोचलं नाही. आई तोवर एका शाळेत लागली होती, मी कचेरीत, भाऊ शिकायला परगावी. दुपारी घरात एकटी अक्का. ती बाहेर पडली आणि दार लागलं, की आम्ही कुणी येईपर्यंत ती बाहेरच. एकदा तसं झालंही. मी परत आले तर ती कोपऱ्यावरच्या बांगडीवाल्याच्या पायरीवर बसली होती, मांडीवर दुधाची पिशवी, आणि आल्यागेल्याला सांगत होती, "काही नाही, सुनेची वाट बघतेय." तिला सून कुठली? ती आईला सून म्हणाली, कारण भावजयीची वाट बघतेय म्हटलं असतं तर भावाकडे का राहता, हा पुढचा प्रश्न आला असता, असं मला वाटतं. तेव्हा मला हसू आलं होतं.

त्यानंतर तिनं मैत्रिणीकडे जाणं सोडलं. मात्र किल्ली मागायचं सोडलं नाही. अप्पा पेपर वाचताना, अप्पा निघताना, एकदा तर त्यांच्या वाढदिवसाला खीर वाढताना. "ती किल्ली तेवढी बघ हं." अप्पा कानडीतलं 'बरं' म्हणत मान हलवत. "सरी, सरी, बघतो." आणि कामाला जात. आई ऐकायची, मी ऐकायची. मनात यायचं, एवढ्याशा किल्लीचं काय घेऊन बसलीय ही. किल्ली करून आणणं मला जड नव्हतं. रोज ज्या रस्त्यानं बसला जायची तिथे किल्लीवाला बसायचा. पण ते अप्पांचं काम, असं समजून मी त्याच्या समोरून जात राहिले.

आमच्या कचेरीत एक पद्धत होती. नवा मजकूर तयार झाला की तो अशा माणसाला वाचून दाखवायचा ज्यानं ती गोष्ट आयुष्यात कधी ऐकलेली नाही. मग त्यानं ती आपल्या शब्दांत सांगायची, आणि सर काही प्रश्न विचारायचे. ऐकणाऱ्याला काय समजलं, त्यावरून शब्द बरोबर पडला की नाही ते ठरायचं. दोन नियम होते. चाचणी चालू असताना दुसऱ्या कुणी मध्ये बोलायचं नाही. आणि ऐकणारं माणूस आपल्या घरचं नसावं, कारण घरचं माणूस आपल्याला खूश करायला बोलतं.

बंगळुरात तसा मराठी माणूस मिळणं कठीण. नवीन आलेली पुण्यामुंबईची पोरं इंग्रजीत ऐकून मराठीत सांगायची, त्याचा काही उपयोग नव्हता. चर्चमधल्या मंडळींना सगळ्या गोष्टी पाठ. शेवटी मी नियम मोडला आणि सरांना न सांगता अक्काला घेऊन गेले. ओळखीच्या एक बाई आहेत, असं म्हणाले. अक्का ठेवणीतली साडी नेसली, केसात अबोली माळली. बसमध्ये ती खिडकीला नाक लावून बसली होती. कितीतरी महिन्यांनी ती चिकपेटच्या बाहेर पडली होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं आणि मी ते बाजूला सारलं.

सरांनी निवडलेली गोष्ट लहानशीच होती. एका गावात एक न्यायाधीश असतो, देवाला न भिणारा, माणसाची पर्वा न करणारा. त्याच गावातली एक विधवा त्याच्याकडे येत राहते, माझ्या विरोधकापासून मला न्याय द्या म्हणते. तो कितीतरी दिवस दाद देत नाही. शेवटी वैतागून, ही मला सळो की पळो करेल म्हणून, तिचं काम करतो. त्या न्यायाधीशालाच मूळ ग्रीकमध्ये अदिकियाचा न्यायाधीश म्हटलंय. मराठीत काय म्हणायचं, हाच आमचा वाद. ऐकणाऱ्याला तो कसा वाटतो ते बघायला सरांनी त्या दिवशी मुद्दाम ते विशेषण आणि त्याच्या स्वभावाचं वर्णन गाळून वाचलं.

अक्कानं दोनदा ऐकलं. मग पदर सावरून सांगायला लागली. "एक जज्ज होते. मोठे गृहस्थ. कामाचा व्याप फार. त्यांच्याकडे एक बाई जायची."

"ते कसे होते स्वभावानं?" सरांनी विचारलं.

"चांगलेच असणार की."

सर पुढे सरकले. "वाईट नव्हते?"

"वाईट असते तर ती पुन्हा पुन्हा कशाला गेली असती? वाईट माणसाकडे कोण मागायला जातं?"

मला वाटलं, झालं, हिला गोष्टच कळली नाही. मध्ये बोलायचं नाही म्हणून मी ओठ मिटून बसले.

"मग त्यांनी तिचं काम इतके दिवस का केलं नाही?"

अक्कानं विचार केला. "ध्यानात राहत नसेल. ती समोर उभी असली तरी त्यांना दिसत नसेल. रोजचीच ना ती. त्यात तिचं काम काही मोठं नव्हतं."

गोष्टीत ते काम काय होतं हे सांगितलेलंच नाही. सरांना ऐकणाऱ्यानं मनानं काय भरलंय ते बघायचं होतं. "काय काम होतं तिचं?"

"दाराची किल्ली मागत असेल," अक्का म्हणाली.

ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. टोमणा मारायचा असता तर तिनं बघितलं असतं, मला तिचा टोमणा ओळखू येतो. एखाद्या बाईला एखाद्या मोठ्या माणसाकडे मागण्यासारखं आणखी काय असणार, असं तिला मनापासून वाटलं होतं. सर हसले. "किल्ली? न्यायाधीशाकडे?" तीही हसली. "काहीतरी तसंच हो." माझी पर्स मांडीवर होती आणि तिच्यात आमच्या दाराची किल्ली होती. मला इतकी लाज वाटली की मी पंख्याकडे बघत बसले. अप्पांची लाज वाटली. ज्यांच्या नावावर मी मान ताठ करून फिरत होते त्यांची लाज वाटावी, याची वेगळी लाज वाटली. आणि माझी तर विचारूच नका. अप्पांना ती दिसत नव्हती असं एक वेळ म्हणता आलं असतं. मला दिसत होती.

सरांचं काम झालं होतं. ते कागदावर काहीतरी लिहीत होते. अक्काला त्यांनी बिस्किटं दिली, कॉफी मागवली, आणि जाताना दारापर्यंत सोडायला आले.

बसस्टँडवर मी पर्स उघडली आणि माझी किल्ली तिच्या हातात ठेवली. "ही घे तू. मी दुसरी करून घेते." अक्कानं ती बघितली, उलटसुलट केली, आणि परत माझ्या पर्समध्ये टाकली.

"तुझी नको मला."

"अगं, किल्ली ती किल्ली. कुणाची का असेना."

"तसं नसतं ते," ती म्हणाली. "घर त्याचं आहे. त्यानं दिली तर मी तिथली. तू दिलीस तर मी चोरून आत येणारी."

मला तिचा राग आला. अपराधी वाटायला लागलं की मला आधी रागच येतो. मी म्हटलं, मग बस मागत. ती रस्त्याकडे बघायला लागली. बस आली आणि आम्ही दोघी दोन वेगळ्या सीटवर बसलो.

घरी पोचल्यावर मी चप्पल काढता काढताच विषय काढला. अप्पांना आणि आईला सुट्टी होती, अप्पा पेपर वाचत होते, आई जमिनीवर बसून अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत होती. अक्का साडी बदलायला आत गेली होती.

"अप्पा, अक्काला दाराची किल्ली हवी आहे."

अप्पांनी पेपर खाली केला. "अक्काला? कशाला?"

"जायला-यायला. तुम्ही लॅच बसवल्यापासून ती बाहेर पडत नाही. मैत्रिणीकडे जाणंसुद्धा बंद झालंय तिचं."

त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. ते ढोंग नव्हतं. ते खरोखर हादरले होते. अप्पांच्या हातून कुणाचं काही राहून गेलं तर त्यांना जेवण जात नसे, आणि हे तर घरातलं. त्यांनी हाक मारली, "अक्का, इकडे ये जरा." ती आली. "तुला किल्ली पाहिजे होती? मग सांगायचं नाही का? एका शब्दानं तरी बोललीस का कधी?"

आईचे हात थांबले. मी आईकडे बघितलं आणि आईनं माझ्याकडे. आम्ही दोघींनी ती खिरीची वाटी पाहिली होती, ते सरी सरी ऐकलं होतं. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. तिनं मागितली होती, अप्पा, तुमच्यासमोर, आमच्यासमोर, कितीदा तरी. ते वाक्य माझ्या तोंडाशी आलेलं होतं.

अक्का भावाकडे बघत होती. त्याचा उतरलेला चेहरा तिला बघवेना.

"नाही रे," ती म्हणाली. "सांगायचं राहूनच गेलं माझं."

आईनं पुन्हा शेंग उचलली. मी गप्प बसले.

"अशी कशी गं तू," अप्पा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात सुटकाही होती आणि माया. दुसऱ्या दिवशी कचेरीत जायच्या आधी ते स्वतः जाऊन किल्ली करून आले. तिच्यात लाल दोरा ओवून, गळ्यात घालता येईल अशी करून, त्यांनी ती अक्काच्या हातावर ठेवली. एवढं करायचं दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. ते चांगले होते, हे मी आजही म्हणेन. अक्कानं ती डोळ्यांना लावली आणि दुपारी मैत्रिणीकडे गेली.

पुढच्या बैठकीत मी सरांना म्हणाले, अन्याय घालू या. ते खूश झाले. मी एवढ्या सहज हार मानेन असं त्यांना वाटलं नव्हतं. "त्या बाईंनी पटवलं ना तुम्हाला? त्यांना पुन्हा आणाल का?" मी सांगून टाकलं की ती माझी आत्या आहे आणि मी नियम मोडला होता. सर रागावले नाहीत. "मग ती तुम्हाला खूश करायला बोलत होती का?" एवढंच त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं.

सगळीकडे मात्र अन्याय चालला नाही. काही ठिकाणी अनीतीच ठेवावी लागली, काही ठिकाणी दोन्ही नीट बसेनात. सरांनी त्यातली एक जागा मला काढून दाखवली. प्रेम कशानं सुखावत नाही आणि कशानं सुखावतं, असं तिथे सांगितलेलं आहे. एका बाजूला अदिकिया. तिच्यासमोर मला न्याय दिसेल असं वाटलं होतं. तिथे सत्य होतं.

"इथे 'खोटेपणा' घालावं का मग?" मी विचारलं.

सर म्हणाले, "नको. खोटं बोलणारा एक असतो. ही गोष्ट त्याच्याहून पसरट आहे. ही घरात शिरली की सगळ्यांनाच थोडं थोडं खोटं बोलावं लागतं, ज्याच्यावर ती झाली त्यालासुद्धा." ते हे शब्दाबद्दल बोलत होते. त्यांना आमच्या घरचं काहीच ठाऊक नव्हतं. मी खाली मान घालून टाइप करत राहिले.

तो मजकूर यथावकाश छापून झाला, सर नगरला परत गेले, मी दुसरी नोकरी धरली. अक्का पुढे बरीच वर्षं दुपारची मैत्रिणीकडे जात राहिली. अप्पा निवृत्त झाले. त्यांच्याकडे माणसांची ये-जा असायची, आणि अप्पांना बहिणीचं फार कौतुक. आलेल्या प्रत्येकाला ते एक गोष्ट सांगत, अगदी शेवटच्या आजारापर्यंत सांगत राहिले. म्हणत, "आमच्या अक्कानं उभ्या जन्मात माझ्याकडे काही मागितलं नाही. एकदा साधी किल्ली हवी होती, तर तीसुद्धा मागायचा संकोच."

पाहुणे अक्काकडे आदरानं बघत. ती समोरच बसलेली असायची आणि हसून मान हलवायची. मीही तिथेच असायचे.